'सध्या काय करतोस?' ह्या प्रश्नाला उत्तर नसलेली माणसं

बार्शीलाइट
बरेच दिवस ह्या फोरमवर नुसतं वाचत होतो, आज लिहितोय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

परवा चुलत भावाचं लग्न होतं. पंगतीत बसलो होतो, वाढपी मठ्ठा घेऊन आला, तेवढ्यात समोरून वडिलांचे लांबचे मामा विचारते झाले, "काय रे, सध्या काय करतोस?" मी तोंड उघडायच्या आत शेजारून आमचे अण्णा, म्हणजे वडील, म्हणाले, "पुण्याला असतो, अभ्यास चालूय. यंदा मेन्स निघंल."

मी गावी येऊन दोन वर्षं झालीत. एमपीएससीची (सरकारी अधिकारी व्हायची परीक्षा; आधी पूर्व, मग मेन्स म्हणजे मुख्य, मग मुलाखत) शेवटची पूर्व दिली त्यालाही तेवढेच दिवस झाले. माझी दहा गुंठ्यावर रोपवाटिका आहे, शेडनेट मारलंय, टोमॅटो मिरची वांगी झेंडू करतो, रोज सकाळी सहाला पाणी मारायला जातो आणि अण्णा रोज माझ्याच हातचा चहा घेतात. आणि लोकांसमोर मी अजून पुण्यातच. मठ्ठा पीत बसलो, काय बोलणार.

थोडं मागचं सांगतो. बीएस्सी ॲग्री झालो आणि २०१५ ला पुण्यात आलो, वय २३. नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याने फक्त एक खाट, एका खोलीत सहा जण, खाली मेस, समोर अभ्यासिका. अण्णा महिन्याला आठ हजार पाठवायचे, नंतर दहा. पहिली दोन वर्षं मजेत गेली, खोटं कशाला बोलू. शास्त्री रोडवर संध्याकाळी चहाला उभं राहिलं की वाटायचं अर्धा महाराष्ट्र इथंच उभा आहे, परभणी, जत, चंदगड, मेहकर, सगळे. प्रत्येकाच्या बोलण्यात एकच, पोस्ट निघाली का, म्हणजे निवड होऊन पद मिळालं का. पोस्ट निघालेल्याचा गावात जेसीबीतून गुलाल उधळून सत्कार, चौकात फ्लेक्स, आणि त्याच फ्लेक्सवर तालुक्यातल्या सगळ्या पुढाऱ्यांचे फोटो. आम्ही ते व्हिडिओ जेवताना बघायचो. त्याच्यावर आठ आठ वर्षं निघतात माणसाची.

मी तीन वेळा मेन्सपर्यंत गेलो, एकदा मुलाखत. मुलाखतीला गेलो तेव्हा गावात बातमी पसरली की झालाच आता. अंतिम यादीत नाव नव्हतं. त्या दिवशी अण्णांचा फोन आला, मी उचलला नाही, आणि खरं सांगू का, त्यानंतर मी त्यांचा फोन मनापासून कधी उचललाच नाही. बोलायचो, पण हा आता मार्क विचारणार ही धास्ती घेऊनच.

मग कोविड. ५ एप्रिल २०२० ची पूर्व पुढे ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. ती १४ मार्चची पण पुढे ढकलली तेव्हा नवी पेठेत रस्त्यावर बसलेल्यांत मी होतो. पोरं ओरडत होती आणि मला एकदम जाणवलं की माझ्या आजूबाजूची पोरं माझ्यापेक्षा सहा सात वर्षांनी लहान आहेत आणि मला 'दादा' म्हणतायत. २०२३ च्या सुरुवातीला मेन्सच्या नव्या वर्णनात्मक पॅटर्नवरून (पर्याय निवडण्याऐवजी सविस्तर उत्तरं लिहायची) आंदोलन झालं, तो २०२५ पासून लागू करू असं आयोगाने फेब्रुवारीत जाहीर केलं, पोरांनी जल्लोष केला, मी पण केला, रूमवर आलो आणि बॅग भरली. का ते आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक असं वाटलं की आता आणखी दोन वर्षं मिळाली ह्याचा मला आनंद होतोय, म्हणजे मी कायमचाच इथला झालो.

नोट्स रद्दीत घातल्या. ६३ किलो भरल्या, १४ रुपये किलोने ८८२ रुपये आले. रद्दीवाल्याने वरच्या वहीवर माझं अक्षर बघितलं आणि म्हणाला "अक्षर चांगलंय साहेब." साहेब म्हणाला. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी.

तर प्रश्न असा की माझ्या वडिलांना मी जे करतो ते सांगायची लाज वाटते. नर्सरीतून महिन्याला खर्च जाऊन वीस बावीस हजार सुटतात, हंगामात जास्त. चोरी करत नाही. पण मला स्वतःलासुद्धा अजून 'नर्सरी आहे' म्हणताना आवाज बारीक होतो. हे फक्त माझंच आहे का?

चहाटपरी
दादा, मी अजून तिकडंच आहे. आत्ता अभ्यासिकेच्या जिन्यात बसून लिहितोय, आत ९० खुर्च्या आहेत आणि रात्री साडेअकराला पण ६० भरलेल्या आहेत. गेल्या वेळी दोन मार्कांनी गेली. घरी सांगितलंय की निकाल राखून ठेवलाय 😐 खोटं आहे. आई देवापुढं साखर ठेवते रोज.

तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं का वाईट वाटलं ते कळेना. बॅग भरायला किती वेळ लागला?

बार्शीलाइट
@चहाटपरी पंधरा मिनिटं. त्याच्या आधी तीन वर्षं.

हिंजवडीरिटर्न
तुम्हाला वाटेल हे फक्त एमपीएससीवाल्यांचं दुखणं आहे, पण आमच्याकडे तेच आहे फक्त आकडे मोठे. माझं वय ४१, सतरा वर्षं आयटीत, मागच्या वर्षी एका सोमवारी सकाळी मीटिंगचं इन्व्हाइट आलं पंधरा मिनिटांचं, त्यात एचआरची बाई आणि एक माणूस जो मी कधी पाहिला नव्हता, आणि दुपारपर्यंत लॅपटॉप बंद. नोकरी गेली ह्याचं दुःख मला चार दिवसांनी झालं, पहिले चार दिवस मी फक्त एकाच गोष्टीचा विचार करत होतो की बायकोला काय सांगायचं, आणि उत्तर असं निघालं की काहीच सांगायचं नाही. मग रोज सकाळी नऊला रिकामी बॅग पाठीला लावून बाहेर, आधी एका कॅफेत, मग कॅफे परवडेना म्हणून वाचनालयात, तिथे सगळे सत्तरीचे आजोबा पेपर वाचायला येणारे आणि मी. एक आजोबा रोज मला शब्दकोड्यातला शब्द विचारायचे. सात आठवडे केलं हे.

फ्लॅटचा हप्ता ५८ हजार. आणि गंमत म्हणजे बायको शिक्षिका आहे, तिचा पगार चालू होता, सेव्हिंग होतं, सहा महिने आरामात निघाले असते. पैशाचा प्रश्न नव्हताच. तिला कळलं ते पण माझ्याकडून नाही, कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमचं कार्ड दातांच्या डॉक्टरकडे चाललं नाही तेव्हा. ती नोकरी गेली म्हणून नाही चिडली, म्हणाली "सात आठवडे मी तुला डबा करून देत होते." डबा. ते मला अजून लागतं.

आता नोकरी आहे, पगार आधीपेक्षा कमी. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी 'कुठे आहेस सध्या' विचारलं की मी कंपनीचं नाव जरा जास्तच ठळक म्हणतो. स्वतःलाच ऐकू येतं ते.

माईनमुळा
लेखकाबद्दल सहानुभूती आहे, खरंच. पण एक विचारू? तुमच्या घरात बहीण आहे का, आणि असली तर तिला किती वर्षं मिळाली?

माझ्या भावाला सात वर्षं मिळाली. मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, बीएड झालं, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास झाले, म्हटलं मला एक वर्ष द्या, शिक्षक भरती निघेल. एक वर्ष नाही मिळालं. "त्याचं चालू आहे ना, दोघांचं कसं झेपेल." २४ ला लग्न. आता मी शिकवण्या घेते, आणि भाऊ दिवाळीला आला की उदास बसतो आणि सगळं घर त्याच्या उदासपणाभोवती चवड्यावर चालतं. मला उदास व्हायलाही चान्स नाही कारण माझ्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती.

पुरुषांवर दडपण आहे हे मान्य. पण ते दडपण म्हणजे घरातले सगळे पैसे एकाच घोड्यावर लावले म्हणून आलेलं दडपण आहे. घोड्याला त्रास होतो, बरोबर. पण दुसऱ्या घोड्याला शर्यतीत उतरवलंच नाही त्याचं काय?

टाचणी
माईनमुळा 👏 आता कुणीतरी येईल 'प्रत्येक धाग्यात बायकांचं आणू नका' म्हणायला. ३, २, १...

विहीरबागायत
प्रत्येक धाग्यात बायकांचं आणू नका.

(गंमत हो.) मी ३६ वर्षांचा, लग्न नाही. सहा एकर, त्यात दोन एकर द्राक्ष, विहिरीला पाणी, घर आरसीसी, ट्रॅक्टर आहे, दारू तंबाखू नाही. चौदा ठिकाणी बघायचे कार्यक्रम झाले, कांदेपोहे म्हणजे आता मी वासावरून सांगतो फोडणी कधी दिली. चौदाच्या चौदा ठिकाणी शेवटी एकच, "मुलगा चांगला आहे हो, पण नोकरीवाला पाहिजे." एका ठिकाणी मुलीचे वडील स्वतः बागायतदार, माझ्यापेक्षा जास्त जमीन. त्यांना म्हटलं काका तुम्ही पण शेतकरीच ना. म्हणाले, "म्हणूनच." ह्याच्यावर काय बोलणार सांगा.

डिसेंबर २०२२ ला सोलापुरात बिनलग्नाच्या पोरांनी नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता, आठवत असेल. टीव्हीवाल्यांनी हसत हसत दाखवला. आमच्या गावातले तिघे गेले होते. एक जण परत आल्यावर म्हणाला, जाताना मजा वाटत होती, पण बाशिंग बांधून उन्हात रस्त्यावर उभा राहिलो आणि लोक मोबाईल काढून शूट करायला लागले तेव्हा वाटलं हे बाशिंग आता दुसऱ्यांदा बांधायला मिळणार नाही बहुतेक.

पाच एकरवाल्याला बायको मिळत नाही म्हणून तो पण शेवटी पुण्यात अभ्यासिकेत जाऊन बसतो. साहेब व्हायचंय म्हणून नाही, लग्न व्हायचंय म्हणून. बार्शीलाइटभाऊ, खरं सांगा, तुमच्या रूमवर असे किती होते?

बार्शीलाइट
सहातले चार तरी 😄

@माईनमुळा बहीण आहे, मोठी. तुमची पोस्ट दोनदा वाचली. तिचं २१ ला लग्न झालं. ती बारावीला तालुक्यात दुसरी आली होती, मी पहिल्या पन्नासात पण नव्हतो. लग्नात अण्णांनी मामांना ते उत्तर दिलं तेव्हा ती समोरच वाढत होती आणि तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं कीव करतेय. आता वाटतंय तसं नसावं.

टाचणी
@विहीरबागायत तुमचं दुःख खरं आहे पण त्याचा हिशोबही खरा आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २००१ ला ९१३ होत्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. गर्भलिंग तपासणीवर बंदीचा कायदा १९९४ चा. म्हणजे कायदा झाल्यावरही मुली कमीच होत गेल्या, आणि ती २०११ ची सहा वर्षांच्या आतली पोरं आता विशीच्या उंबरठ्यावर आहेत. पुढच्या दहा वर्षांत बघा काय होतं ते.

ज्या घरांनी मुलगाच पाहिजे म्हटलं त्यांच्याच मुलांना आता सून मिळेना. आणि त्यात त्या मुलाची काही चूक नाही, हे मला सगळ्यात वाईट वाटतं. मुलगा पाहिजे पाहिजे म्हणून जन्माला घातला आणि तो जन्माला आल्या दिवसापासून त्याने त्याची किंमत फेडायची.

विहीरबागायत
@टाचणी हे आमच्या आजीला कुणी सांगितलं नाही. तिला सात नातू आहेत, चौघं बिनलग्नाचे. आता म्हणते एखादी नात असती तर.

गोळाफेक
आमची पण हजेरी लावा. पोलीस भरती. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागा आणि अर्ज १७ लाख ७६ हजार. म्हणजे एका जागेला शंभर. पहाटे चारला डांबरी रोडवर पळतो, हेडलाइट दिसला की बाजूला व्हायचं. १६०० मीटर ५ मिनिट १० सेकंदात मारलं तरच पैकीच्या पैकी २० मार्क. माझं ५:१९ येतं. घरी सगळ्यांना ते नऊ सेकंद माहितीयत. आमची आजीसुद्धा विचारते, नऊ सेकंदाचं काय झालं.

निवृत्तपोस्टमास्तर
नमस्कार मंडळी. माझे वय ६७. इथे बहुतेक सगळे मुलाच्या बाजूने लिहीत आहेत म्हणून एका बापाची बाजू मांडतो. राग मानू नये.

माझा मुलगा बँकेच्या परीक्षा देत होता, पाच वर्षे. नाही झाले. आता तो एका सहकारी संस्थेत कारकून आहे आणि बरा आहे. पण मधली दोन वर्षे मी सुद्धा लोकांना खोटे सांगत होतो. "इंटरव्ह्यू झालाय, ऑर्डर यायचीय." ती ऑर्डर दोन वर्षे येत होती. मी पोस्टात नोकरी केलेला माणूस, कागद यायला किती दिवस लागतात ते माझ्याइतके कुणाला माहीत!

का सांगत होतो? बार्शीलाइट, आपल्याला वाटते आपल्या वडिलांना आपली लाज वाटते. तसे असेलही. पण माझे सांगतो. मी मुलाला शहरात ठेवले तेव्हा भावाशी वाटणीवरून वाद झाला होता. भाऊ म्हणाला होता, त्याला दुकान टाकून दे, ह्याच्याच्याने होणार नाही. मी चारचौघात म्हटले होते, माझा मुलगा साहेब होईल. पुढे जेव्हा कुणी विचारायचे तेव्हा मी मुलाबद्दल खोटे बोलत नव्हतो, मी माझ्या त्या वाक्याबद्दल खोटे बोलत होतो. मुलगा हरला असे मला एकदाही वाटले नाही. मी हरलो असे रोज वाटत होते. आणि हे मुलाला कसे सांगणार? आम्हाला आमच्या वडिलांनी फक्त कामाचे बोलायला शिकवले. तो फोन उचलायचा नाही म्हणून मी मनीऑर्डर करायचो. बँकेतून पैसे पाठवता येत होते तरी मनीऑर्डर. कारण त्या फॉर्मवर खाली चार ओळी लिहायला जागा असायची. त्या जागेत मी दर वेळी काय लिहायचो? "तब्येतीस जपणे." एवढेच सुचायचे.

आपल्या वडिलांनी कुणाला काय शब्द दिला होता ते एकदा बघा. पोराच्या नोकरीत बापाची अब्रू अडकलेली असते हे चूकच आहे, पण आहे.

हिंजवडीरिटर्न
काका, मनीऑर्डरचं वाचून ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन आलो.

चहाटपरी
माझे बाबा फोनपे करतात, मेसेजच्या जागी 'mess' टाकतात फक्त. इंग्रजीत टाइप करतात, म्हणजे मेसचे पैसे. पण मागच्या महिन्यात त्याच्या आधी 'beta' होतं. मला वाटलं ॲपचं काहीतरी व्हर्जन आहे.

मनोमनी
मी समुपदेशनाचं काम करते, ठाण्यात. धाग्यात फार शहाणपण शिकवायचं नाही म्हणून थोडक्यात, पण दोन गोष्टी राहवत नाहीत.

एक म्हणजे हे नुसतं 'मनाला लावून घेतात आजकालची पोरं' असं नाही. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) २०२२ च्या अहवालात देशात आत्महत्या १,७०,९२४, त्यातले पुरुष १,२२,७२४. राज्यांमध्ये सगळ्यात वर महाराष्ट्र, २२,७४६. आणि ज्याची आपण इतकी चर्चा करतो ते परीक्षेतलं अपयश हे कारण १.२ टक्के. सगळ्यात मोठा गट रोजंदारीवर जाणाऱ्यांचा, साधारण चौथा हिस्सा. म्हणजे नवी पेठेतल्या मुलाला निदान अभ्यासिका आहे, चहाच्या टपरीवर आपल्यासारखेच दहा आहेत. नाक्यावर उभं राहून आज काम मिळालं नाही म्हणून रिकाम्या हाताने घरी जाणाऱ्या माणसाला 'सध्या काय करतोस' कुणी विचारतसुद्धा नाही, त्याचा धागाही कुणी काढत नाही. ज्या बायकांचं दुःख ह्या आकड्यात येत नाही ते वेगळंच, माईनमुळा म्हणतात ते मी रोज ऐकते.

दुसरी गोष्ट. अल्बर्ट एलिस नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, १९५५ च्या सुमाराला त्याने विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी ती मराठीत रुजवली. एलिसला 'सेल्फ एस्टीम' ह्या शब्दाचाच राग होता. त्याचं म्हणणं, स्वतःला मार्क द्यायची सवय हाच आजार, मग ते मार्क चांगले का असेनात. पोस्ट निघाली की मी भारी, गेली की मी फालतू, ही एकाच मापाची दोन टोकं. काम चुकलं तर कामाला मार्क द्या, माणसाला देऊ नका. ऐकायला सोपं वाटतं. मी स्वतः वीस वर्षं हे शिकवतेय आणि मुलाचा दहावीचा निकाल होता तेव्हा रात्रभर जागी होते, तेव्हा असो.

चहाटपरी, जिन्यात एकटं बसून फार विचार येत असतील तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतं, मराठीत बोलतात. आणि घरी निकालाचं खरं सांगा. आईची साखर वाया जातेय.

चहाटपरी
साखर मीच खातो घरी गेलो की 😅 बघतो. थँक्यू मॅडम.

टाचणी
मला एक कळत नाही, ह्या सगळ्या धाग्यात एकाही पुरुषाने असं नाही म्हटलं की मी मित्राला सांगितलं. हिंजवडीरिटर्न वाचनालयातल्या आजोबांबरोबर शब्दकोडी सोडवत बसले पण मित्राला फोन नाही केला? सतरा वर्षं नोकरीत एक मित्र नाही झाला?

हिंजवडीरिटर्न
झाले की. शनिवारी रात्री भेटतो, खूप बोलतो. क्रिकेट, गाड्या, म्युच्युअल फंड. त्या सात आठवड्यात पण भेटलो दोनदा. एकाने विचारलं काय चाललंय, म्हटलं मस्त. नंतर कळलं की त्याची नोकरी माझ्या आधी दोन महिने गेली होती. तो पण मस्त म्हणाला होता. दोघांनी त्या रात्री बिल कोण देणार ह्यावरून भांडण केलं, मी देतो मी देतो.

गोळाफेक
😂😂 हे वाचून हसावं का काय.

माईनमुळा
@बार्शीलाइट बहिणीला फोन करा. मी तुमची बहीण नाही पण करा.

बार्शीलाइट
(आठ दिवसांनी)

सगळ्यांचं वाचलं, प्रत्येकाला वेगळं उत्तर देत नाही, हंगाम चालू आहे. सध्या २०० ट्रे भरायचेत, कोकोपीट भिजवून हात पार फाटलेत, मर रोग आला होता एका बेडवर, अर्धे ट्रे फेकले.

ताईला फोन केला. मी सॉरी वगैरे म्हणायची तयारी करून बसलो होतो. ती म्हणाली, "त्या दिवशी मी बघत होते की तू बोलशील. बोलला नाहीस. तुझी पोस्ट निघाली नाही त्याचं मला काही नाही, पण मठ्ठा पीत बसलास त्याचा राग आला." मग तिच्या सासरच्या परसात लावायला वांग्याची तीस रोपं मागितली. म्हटलं पाठवतो. म्हणाली पैसे देणार, फुकट नको, तुझा धंदा आहे ना. 'धंदा' हा शब्द माझ्या घरातून पहिल्यांदा तिने वापरला.

पोस्टमास्तर काका, तुम्ही म्हणालात तसं शोधलं. आईला विचारलं. अण्णांनी शब्द कुणाला दिला होता तर त्या मामांनाच. २०१५ ला माझ्या पुण्याच्या डिपॉझिटचे पंधरा हजार त्यांच्याकडून घेतले होते. पैसे कधीचेच परत दिलेत, पण शब्द राहिला. मला दहा वर्षं हे माहीत नव्हतं. आता पंगतीतलं ते उत्तर आठवलं की राग येतो पण आधीसारखा येत नाही, त्यात अण्णाच बसलेले दिसतात, टोपी मांडीवर ठेवून.

त्यांच्याशी बोललो का? नाही. काय बोलणार, आमच्यात तशी पद्धत नाही. पण काल एक झालं. मी पंपाकडे होतो, फोन शेडमध्ये राहिला होता, वाजला तर अण्णांनी उचलला. वैरागचा एक माणूस होता, टोमॅटोची चार हजार रोपं पाहिजेत, रेट काय. मी येईपर्यंत ते बोलत होते, मी शेडनेटच्या बाहेर थांबलो. अण्णा म्हणाले, "एक रुपया चाळीस पैसे. नाय हो, कमी नाय होणार. पोराची नर्सरी आहे, त्यालाच विचारा पाहिजे तर, पण तो माझ्यापेक्षा कडक आहे."

मी रेट एक तीस ठेवला होता. दहा पैसे त्यांनी परस्पर वाढवले. आता तो माणूस आला तर मला एक चाळीसच सांगावं लागणार.

@विहीरबागायत झेंडूची रोपं तुम्ही व्यनित (खाजगी निरोपात) विचारली होती, दसऱ्याचं गणित धरून. आत्ता ट्रे शिल्लक नाहीत, पुढच्या गुरुवारी टाकतो, तिथून पंचवीस दिवस धरा. रेट अण्णांना विचारू नका.